फ्रीबीएसडीवरील लिनक्सथ्रेड्स : एका पोर्टची पार्श्वभूमी

आंब्याचा हंगाम आटोपल्यावर रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंग कारखान्याचा हिशेबाचा जुना सर्व्हर नव्या यंत्रावर हलवताना असे दिसले, की त्यावरील मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीच्या स्वतःच्या थ्रेड लायब्ररीवर (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणारे कामाचे धागे) नव्हे, तर लिनक्ससाठी लिहिलेल्या लिनक्सथ्रेड्स या लायब्ररीच्या पोर्टवर, म्हणजे फ्रीबीएसडीसाठी बदलून घेतलेल्या आवृत्तीवर, बांधलेले आहे. ही पाहुणी लायब्ररी तेथे कशी आली, त्याची ही हकिकत.

युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉसिक्स मानकांपैकी १९९५ च्या १००३.१सी या मानकाने थ्रेडसाठीची फंक्शने आणि त्यांचे वर्तन ठरवून दिले, मात्र थ्रेड कर्नलने (कार्यप्रणालीच्या गाभ्याने) चालवायचे की लायब्ररीने, हे ठरवण्याची मुभा प्रत्येक प्रणालीला राहिली. फ्रीबीएसडीची त्या काळातील लायब्ररी लिबसी_आर सगळे थ्रेड एकाच प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, पोटात, कर्नलला पत्ता लागू न देता फिरवीत असे. एका मचव्यावर दहा खलाशी असावेत आणि मचवा खाडीच्या मुखाशी वाळूत रुतला की दहाही जण खोळंबावेत, तशी ही व्यवस्था होती. एक थ्रेड डिस्कवरील वाचनासाठी अडकला की सगळी प्रोसेस थांबे, आणि यंत्रात दोन प्रोसेसर असले तरी दुसऱ्याचा त्या प्रोसेसला काही उपयोग होत नसे. डेटाबेसला हे परवडणारे नव्हते.

झावियर लेरुआ यांच्या लिनक्सथ्रेड्समध्ये प्रत्येक थ्रेड कर्नलच्या दृष्टीने वेगळी प्रोसेस होता आणि त्यासाठी लिनक्सचा क्लोन हा सिस्टीम कॉल (कर्नलकडे केलेली कामाची मागणी) वापरला जाई. फ्रीबीएसडीत क्लोन नव्हता, पण प्लॅन ९ या दुसऱ्या कार्यप्रणालीच्या कल्पनेवरून घेतलेला आरफोर्क हा तसाच कॉल होता, आणि पोर्ट त्याच्यावर उभा राहिला.

पोर्ट चालू करण्यापेक्षा तो सांभाळणे अवघड होते, असे माझे मत आहे. मुख्य प्रोग्राम एका थ्रेड लायब्ररीवर आणि त्याने ओढून घेतलेली दुसरी एखादी लायब्ररी लिबसी_आरवर बांधलेली असली, तर एकाच प्रोसेसमध्ये दोन कारभारी येत आणि दोघांच्या कुलपांचा (सामायिक माहितीला एका वेळी एकच थ्रेड हात लावील, अशी काळजी घेणाऱ्या यंत्रणेचा) एकमेकांशी मेळ बसत नसे; म्हणून काय कशाशी जोडले आहे, याची तपासणी सांभाळणाऱ्याला पुन्हा पुन्हा करावी लागे. शिवाय मूळ रचनेतले दोषही सोबत आले होते. पॉसिक्सनुसार सर्व थ्रेडांचा प्रोसेस क्रमांक एकच हवा, येथे मात्र प्रत्येकाचा वेगळा. प्रोसेसला पाठवलेला सिग्नल (थांबण्यासारखी सूचना) तिच्या थ्रेडांपैकी कोणालाही मिळू शकावा, ही अपेक्षाही त्यामुळे पुरी होत नसे. पहिला थ्रेड तयार होताच एक व्यवस्थापक थ्रेडही जन्माला येई, त्यामुळे चालू प्रोसेस दाखवणाऱ्या पीएस या आज्ञेच्या यादीत एकाच डेटाबेसच्या अनेक ओळी दिसत आणि मेमरीचा हिशेब पाहणारा नवखा माणूस हमखास चुके.

खुद्द लिनक्सने २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलसोबत एनपीटीएल ही नवी थ्रेड लायब्ररी स्वीकारली. फ्रीबीएसडीने आधी केएसई हा मधला मार्ग धरला, ज्यात अनेक थ्रेड मोजक्या कर्नल-थ्रेडांवर वाटले जात आणि वाटणी लायब्ररी व कर्नल मिळून करीत. कागदावर देखणी असलेली ही रचना प्रत्यक्षात फार गुंतागुंतीची ठरली. सोलारिस या दुसऱ्या युनिक्स प्रणालीने २००२ मध्येच असा मार्ग सोडला होता. २००८ च्या फ्रीबीएसडी ७.० मध्ये थ्रेडमागे एक कर्नल-थ्रेड देणारी लिबथर ही लायब्ररी पूर्वनिर्धारित (डिफॉल्ट) ठरली आणि ८.० मध्ये केएसई काढूनच टाकले गेले. थ्रेड लायब्ररी बदलण्यासाठी दरम्यान लिबमॅप.कॉन्फ ही फाइल आली होती. तिच्यातील एका ओळीने बांधून झालेल्या प्रोग्रामलाही दुसरी लायब्ररी देता येई.

कारखान्याच्या नव्या यंत्रावर लिबथरच आहे. पीएसमध्ये आता डेटाबेसची एकच ओळ दिसते.