एलएलव्हीएमच्या पॉइंटरचा टाइप कुठे गेला? थोडी पार्श्वभूमी

एलएलव्हीएम म्हणजे कंपायलर बांधायचा संच, त्याचा आयआर (प्रोग्रामचं कंपायलरच्या आतलं मधलं रूप) आज उघडला तर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) इंटचा असो, स्ट्रक्टचा असो, सगळीकडे नुसतं 'पीटीआर' दिसतं, पण जुन्या ट्यूटोरियलमध्ये 'आय३२*', 'आय८*' (३२ किंवा ८ बिटी इंटचा पॉइंटर) असं असतं आणि नवीन शिकणारे तिथेच गोंधळतात, म्हणून आधी काय होतं ते सांगतो.

२००० साली इलिनॉय युनिव्हर्सिटीत ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी एलएलव्हीएम सुरू केलं. मेमरीला हात लावायचा तो लोड आणि स्टोअरनेच, बाकी सगळ्या व्हॅल्यू एसएसए रजिस्टरमध्ये (म्हणजे ज्यात व्हॅल्यू एकदाच टाकता येते). फ्रंट-एंडने (भाषा वाचून आयआर बनवणारा भाग) प्रत्येक लोकल व्हेरिएबलला 'अलोका'ने स्टॅकवर जागा द्यायची आणि मोकळं व्हायचं, मग ज्यांचा पत्ता दुसरीकडे कुठे वापरलेला नाही अशा साध्या व्हेरिएबलना मेम२रेग पास (आयआर सुधारणारी एक पायरी) रजिस्टरमध्ये उचलतो. मला तर हा अख्ख्या डिझाइनमधला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, कारण एसएसए बांधायची कटकट भाषेचा फ्रंट-एंड लिहिणाऱ्याच्या डोक्यावरून पूर्ण उतरते. स्ट्रक्टच्या फील्डचा पत्ता काढायला 'गेटएलिमेंटपीटीआर', आणि हे फक्त गणित करतं, मेमरी वाचत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

अडचण होती पॉइंटरच्या टाइपची. तोच पत्ता वेगळ्या टाइपने हवा असेल तर मध्ये बिटकास्ट (बिट तेच ठेवून नुसता टाइप बदलणारा कास्ट) टाकायला लागायचा, मॅलॉक (मेमरी मागायचं फंक्शन) 'आय८*' देणार मग तिथे कास्ट, आणि प्रत्येक ऑप्टिमायझेशनला ते कास्ट ओलांडून पलीकडे बघावं लागायचं, आणि एवढं करून त्या टाइपवरून एलियासिंगचं (दोन पॉइंटर एकाच जागेकडे बघतात का, याचं) काहीच ठरत नव्हतं, त्यासाठी टीबीएए (टाइपवरून एलियासिंग ओळखायची पद्धत) मेटाडेटा वेगळाच लावायचा. टाइप खरं तर लोड-स्टोअरचा असतो, पत्त्याचा नाही. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या आरटीएलमध्ये (त्याच्या आतल्या रूपात) हे पहिल्यापासून तसंच आहे, 'मेम'वर मोड (व्हॅल्यूचा आकार आणि प्रकार) लिहिलेला आणि आतला पत्ता साधा.

२०१५ मध्ये ३.७ व्हर्जनपासून लोड आणि गेटएलिमेंटपीटीआरवर टाइप वेगळा लिहायला सुरुवात झाली. पुढे मात्र वर्षं गेली, कारण पॉइंटरलाच 'तू कशाकडे बघतोस' असं विचारणारा कोड क्लँगपासून (एलएलव्हीएमचा सी आणि सी++ साठीचा फ्रंट-एंड) सगळीकडे पसरलेला, तो एकेक करून काढावा लागला. २०२२ मध्ये एलएलव्हीएम १५ ला 'पीटीआर' डिफॉल्ट झाला, २०२३ च्या १७ मध्ये जुने पॉइंटर पूर्ण गेले. अ‍ॅड्रेस स्पेस (पत्ता कुठल्या मेमरीतला आहे ते) तेवढी पॉइंटरवर राहिली, कारण जीपीयूवर ग्लोबल आणि शेअर्ड मेमरीसाठी इन्स्ट्रक्शनच वेगळ्या निघतात.