हिरव्या अक्षरांचा पाऊस आणि चौफुलीची पऱ्हाटी

राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव. पानठेल्यावर चार पोरं एका मोबाइलवर माहितीपट पाहत होती; विषय मुलांच्या ऑनलाइन लैंगिक शोषणाचा तपास. अंधारी खोली, पडद्यावर हिरव्या अक्षरांचा पाऊस. टोपीवाला दोन बटणं दाबतो अन् गुन्हेगाराचं घर नकाशावर लुकलुकतं. “सर, असं खरंच होते का जी?”

नाही होत. असे कितीतरी तपास सुरू होतात ते आकड्यांच्या एका यादीपासून, आणि मला तीच जास्त देखणी वाटते.

२००९ साली मायक्रोसॉफ्टने डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद यांच्यासोबत ‘फोटोडीएनए’ तयार केलं. फोटो आधी कृष्णधवल करायचा, ठरलेल्या आकारात आणायचा, त्यावर चौकटी आखायच्या. चौफुलीनं, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत, लावलेली कपाशीची पऱ्हाटीच समजा. मग चौकटीगणिक उजेड कुठल्या बाजूला किती चढतो-उतरतो, तेवढं मोजायचं. या आकड्यांची माळ म्हणजे हॅश. एमडी५सारखा साधा हॅश फार सोवळा, एक ठिपका बदलला की सगळाच बदलतो. इथं फोटो लहान करा, थोडा उजळवा, धुऱ्याजवळची ठेंगणी झाडं मधल्यांपेक्षा ठेंगणीच राहतात. चढउतार तोच, म्हणून माळही जवळपास तीच. आधी सापडलेल्या शोषणाच्या फोटोंच्या अशा माळा म्हणजेच ती यादी. त्यामुळे यादीतल्या माळेशी नव्या फोटोची माळ तंतोतंत जुळते का हे न बघता दोघींमधलं अंतर काढतात. आलेखावर दोन बिंदूंमधलं काढतो तसंच, फक्त अक्ष दोन नाहीत, १४४! अंतर ठरलेल्या मर्यादेत आलं, की फोटो ओळखला. यादीत नसलेल्या नव्या फोटोपुढे मात्र ही युक्ती मुकी.

जुळलं की ज्या कंपनीच्या सेवेवर फोटो सापडला तिची सूचना अमेरिकेतल्या एनसीएमईसी या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या संस्थेकडे जाते. २०१९ च्या करारानंतर भारताशी संबंधित सूचना एनसीआरबीला, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाला मिळतात, तिथून राज्यांच्या पोलिसांना. पुढे सगळी कागदं. एका आयपी पत्त्याआड, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या एका क्रमांकाआड, शेकडो मोबाइल असू शकतात, म्हणून नेमकी वेळ माहीत असावी लागते; आणि जागतिक प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. हा हिशेब करणारा हवालदार कॅमेऱ्यापुढे कोण बसवणार?

‘नेटवरून व्हिडिओ कायमचा काढून देतो’ म्हणत पैसे उकळणारा ‘हॅकर’ आणि लिंबू फिरवून चोर दाखवणारा बाबा, मला तरी एकाच माळेचे मणी वाटतात. अठरा वर्षांखालच्या वयातले असे फोटो-व्हिडिओ नेटवरून काढायला मदत करणारी एनसीएमईसीचीच ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथं हॅश आपल्याच मोबाइलवर बनतो. फोटो कुणाकडे जात नाही, जातो तो फक्त आकडा.

पोरांनी माहितीपट केव्हाच थांबवला होता. “सर,” एक जण म्हणाला, “पऱ्हाटीपर्यंत समजलं. ते १४४ पुन्हा सांगा.”