पुसलेलं साल उमटतं तेव्हा

'जुनं नाणं विका, लखपती व्हा' छापाचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतीलच. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये आपल्या नावाने चाललेल्या असल्या फसवणुकीपासून लोकांना सावध केलं होतं. पण जुन्या नाण्यातली खरी गंमत वेगळीच असते.

माझ्याकडे एक अमेरिकन पाच सेंटचं नाणं आहे, 'बफेलो निकेल'. एका बाजूला बायसन, दुसऱ्या बाजूला मूळ अमेरिकन पुरुषाचा चेहरा. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर. १९१३ ते १९३८ या काळात ही नाणी पाडली गेली. फ्रेझरने साल टाकलं नेमकं खांद्याच्या उंचवट्यावर, आणि हातोहाती फिरताना उंच भागच आधी झिजतो. माझ्या नाण्यावर साल नावालाही नव्हतं.

तरी ते पूर्ण गेलेलं नसतं. नाण्यात तीन भाग तांबं, एक भाग निकेल. (निकेल असूनही ते चुंबकाला चिकटत नाही, तेवढ्यावरून खोटं ठरवू नका.) धातूत अणू स्फटिकांच्या शिस्तीत, रांगांनी बसलेले असतात. ठसा दाबला की रांगा घसरतात, मध्येच तुटतात. या दोषांना डिसलोकेशन म्हणतात. अंक उमटतो तिथला धातू साच्याच्या खाचेत चढतो, आजूबाजूचा दाबला जातो. म्हणजे दोन्हीकडची मोडतोड सारखी नसते, आणि ती पृष्ठभागाखालीही उतरलेली असते. वरचा अंक घासून गेला तरी खालची विस्कटलेली रचना तशीच राहते.

आता त्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. हौशी मंडळी सर्किट बोर्ड कोरायला वापरतात तेच. विस्कटलेल्या अणूंकडे जास्त ऊर्जा साठलेली असते, ते लवकर विरघळतात. झीज असमान होते आणि त्या फरकातून आकडे वर येतात. चोरीच्या गाडीचा घासून काढलेला चासी नंबरही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत याच तत्त्वावर वाचता येतो.

माझ्या नाण्यावर १९२६ उमटलं. भोवती खरबरीत चट्टा पडला, तो कायमचा. अशा नाण्याला संग्राहक फारशी किंमत देत नाहीत. तरी घाईघाईने उलटून पाहिलं. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत दहा लाखांहूनही कमी नाणी पाडली होती, त्यांवर 'एस' असतो. माझ्या नाण्यावर काहीच नाही. म्हणजे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतलं, तिथल्या नाण्यांवर तेव्हा अशी खूण नसायची; कोट्यवधींतलं एक.