दातांमुळे जुलाब होत नाहीत

"दात येतायत ना, जुलाब होणारच. दात आले की थांबतील आपोआप." नवी मुंबईतल्या ऐरोलीत आमच्या शेजारच्या सात महिन्यांच्या बाळाला पाण्यासारखी शी होत होती, तरी घरचे दोन दिवस याच भरवशावर थांबले. तिसऱ्या दिवशी बाळ रडत होतं, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं. अंगातलं पाणी कमी झाल्याची ती खूण. मला ते रडणं अजून आठवतं.

दात येताना लाळ गळते, बाळ किरकिरं होतं. जुलाब होतात ते बहुतेकदा जंतूंमुळे, लहानग्यांत अनेकदा रोटाव्हायरसमुळे. मग हा समज टिकला कसा? वय एकच म्हणून. सहाव्या महिन्याच्या आसपास दात फुटतात, तेव्हाच वरचं खाणं सुरू होतं, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते, आणि बाळ चप्पल, रिमोट, हाताला लागेल ते तोंडात घालतं.

जुलाब लागले तर अंगावरचं दूध बंद करू नका. ओआरएसचं (क्षार-साखरेच्या पावडरीचं) एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा, चमच्याचमच्याने पाजा, २४ तासांनी उरलेलं फेका. डॉक्टरांनी दिलेलं झिंक शी घट्ट झाली तरी १४ दिवस द्या. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा बाळ मलूल पडलं, तर तडक दवाखाना गाठा.

आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना सरकारी लसीकरणात मोफत मिळते, नवी मुंबईतही.