शेंगा न तडकणारं सोयाबीन वेगळं आणि हार्वेस्टरला चालणारं सोयाबीन वेगळं

दरवर्षी मे-जूनमध्ये कृषी सेवा केंद्रात हाच संवाद चालतो. शेतकरी म्हणतो मजूर मिळत नाहीत, औंदा हार्वेस्टर लावायचंय, त्याला चालेल असं वाण द्या, आणि दुकानदार लगेच म्हणतो हे न्या, याच्या शेंगा अजिबात तडकत नाहीत. दोघंही खूश. पण विचारलं एक आणि मिळालं दुसरंच. शेंग न तडकणं आणि मशीनखाली नीट कापलं जाणं या वाणाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणजे दुसरी असेलच असं काही नाही.

आधी तडकण्याचं बघू. शेंग वाळली की तिच्या दोन्ही टरफलांना पीळ पडायला लागतो, जोडावरचा ताण वाढत जातो आणि एका क्षणी टक्क करून शेंग उघडते, दाणे उडून जमिनीवर. पाऊस पडून शेंग भिजली, मग ऑक्टोबर हीटचं ऊन लागलं, परत भिजली परत वाळली, असं दोन-तीनदा झालं की काम तमाम. सोयाबीनमध्ये हा पीळ वाढवणारं पीडीएच-१ नावाचं जनुक शास्त्रज्ञांनी शोधलंय, २०१४ मध्ये ते छापून आलं, आणि ज्या वाणात ते जनुक काम करत नाही त्यात पीळ कमी पडतो म्हणून शेंग टिकते. म्हणजे न तडकणारं वाण तुम्हाला नेमकं काय देतं, तर वेळ देतं. पीक पक्व झाल्यावर मजूर नाही आले, पाऊस आला, मशीनचा नंबर पुढं गेला तरी आठ-दहा दिवस जीव टांगणीला लागत नाही. जेएस ३३५ हे वाण ज्यांनी वर्षानुवर्षं पेरलंय त्यांना विचारा, उशीर झाला की दुपारच्या उन्हात शेतात उभं राहून तडतड ऐकू येते. परभणी विद्यापीठाचं एमएयूएस १५८ लोकांना आवडलं त्यात हे एक मोठं कारण होतं.

आता दुसरी गोष्ट, जिच्याकडं कोणी बघतच नाही. पहिली शेंग जमिनीपासून किती वर लागते? हार्वेस्टरचा कटर जमिनीला घासून चालत नाही, ढेकळं असतात, दगड असतात, ऑपरेटरला पातं मोडायची भीती असते, म्हणून तो कटर चार बोटं वर धरतोच. त्याच्या खाली जी शेंग आहे ती गेली, मग ती तडकणारी असो नाहीतर लोखंडाची असो. हिशोब करून बघा. एका चौरस मीटरमध्ये ३५ झाडं धरा, प्रत्येक झाडाची फक्त एक शेंग खुंटाला राहिली, शेंगेत सरासरी अडीच दाणे आणि शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम. एकरी ४२ किलोच्या आसपास होतं हे. एक शेंग! दोन राहिल्या तर ८४ किलो, आणि २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये धरला तर साडेचार हजारांच्या जवळ. हे नुकसान दिसत नाही कारण दाणे जमिनीवर पसरलेले नसतात, गपचूप खुंटाला लटकून असतात, आणि माणूस म्हणतो यंदा उतारा जरा कमी आला.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एमएसीएस १४०७ हे वाण २०२१ मध्ये जाहीर झालं तेव्हा मशीन काढणीला योग्य म्हणून त्याचे जे गुण सांगितले होते ते बघण्यासारखे आहेत: जाड खोड, शेंग जमिनीपासून ७ सेंटिमीटर वर, आणि शेंगा न तडकणं. तिन्ही एकत्र. आणि शेंग वर लागते म्हणजे किती वर, तर ७ सेंटिमीटर, म्हणजे तरी कटर खालीच चालवावा लागणार. (ते वाण आपल्याकडं शोधत फिरू नका, शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी आहे. व्हॉट्सॲपवर ‘पुण्याचं वाण’ म्हणून फिरलं आणि बऱ्याच जणांना वाटलं आपल्यासाठीच आहे.) आपल्याकडं मशीनसाठी म्हणून नाव घेतलं जातं ते परभणीच्याच एमएयूएस १६२ चं, सरळ वाढणारं. याउलट फुले संगम म्हणजे केडीएस ७२६, सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राचं, तांबेरा रोगाला तोंड देणारं, उत्पादनाला जोरदार, पण झाड मोठं आणि फांद्या भरपूर, त्यात कोणी टोकण करून लांब लांब लावलं तर बुडापासून फुटवे येतात आणि खालच्या शेंगा जवळजवळ मातीला टेकतात. हाताने सोंगायला एक नंबर. मशीनला देताना विचार करा.

कॅनडात कॅनोला या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकातही शेंगा तडकण्याचा हाच प्रश्न, तिथं जुनी पद्धत म्हणजे मुख्य दांड्यावरच्या साधारण ६० टक्के बियांचा रंग बदलला की पीक कापून ओळीत आडवं टाकायचं, वाळलं की कम्बाइनने उचलायचं, आणि न तडकणाऱ्या हायब्रीड जाती आल्यापासून बरेच जण उभंच कापतात. पण कॅनोलाच्या शेंगा झाडाच्या वरच्या भागात असतात, म्हणून तिथं तडकण्याचा प्रश्न सुटला की बरंचसं काम झालं. सोयाबीनला शेंगा बुडापासून शेंड्यापर्यंत. म्हणून तिकडचं ‘न तडकणारं म्हणजे मशीनचं’ हे गणित इकडं अर्धंच लागू पडतं.

मग सोंगणी करून गंजी लावणाऱ्याला न तडकणारं वाण नको का? उलट मी तर म्हणेन त्यालाच जास्त पाहिजे. सोंगताना विळ्याचा झटका, पेंढ्या उचलताना, गंजीपर्यंत नेताना, प्रत्येक ठिकाणी शेंग हलते, आणि दुपारच्या उन्हात सोंगणी चालू असेल तर वाळलेलं जेएस ३३५ हातातच फुटतं. शेंगेची उंची मात्र त्याला बिनकामाची, विळा जमिनीलगत जातो. शिवाय सोंगणीवाला थोडं आधी कापू शकतो, शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या आणि पानं गळायला लागली की झालं, उरलेलं कापल्यावर वाळतं. हार्वेस्टरवाल्याला थांबावं लागतं, खोडसुद्धा वाळलेलं पाहिजे, सगळं शेत एकसारखं पाहिजे, हिरवं तण असेल तर त्याचा रस दाण्याला लागून डाग पडतात आणि मार्केटमध्ये भाव पाडतात. सकाळी दव असताना मशीन चालत नाही, म्हणजे थांबणं आलंच, म्हणून त्याला दोन्ही गुण लागतात आणि वर पीक लोळलेलं नको. दाट पेरलं की पहिली शेंग वर सरकते हे खरंय, पण फार दाट झालं की खोड बारीक राहून लोळतं.

पावसाचा धोका दोन्हीकडं आहे, फक्त वेगवेगळ्या दिवशी. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आला तेव्हा कापून पडलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब आले. उभ्या पिकाला हवा लागते, ते लवकर वाळतं, पण रोज भिजून-वाळून तडकतं. ताडपत्री असेल आणि गंजी वेळेत लागली तर गंजी सुरक्षित. अर्धवट ओली गंजी मात्र आतून गरम होऊन काळी पडते.

मळणीचं एक राहिलं. घरचं बियाणं ठेवायचं असेल तर भाड्याच्या हार्वेस्टरचा माल ठेवू नका असंच मी सांगेन. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ, मळणीचा ड्रम जोरात फिरला की दाणा बाहेरून छान दिसतो आणि उगवत नाही. बियाण्याचा प्लॉट वेगळा सोंगा, मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवा. आणि गुरं असतील तर कुटाराचाही, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचाही, विचार करा, थ्रेशरजवळ ढीग मिळतो, हार्वेस्टर ते शेतभर उडवून देतो.

तुमचं नुकसान नक्की कशामुळं होतंय हे कळायला मशीन येण्याच्या आधी शेतात चार-पाच ठिकाणी एक-एक चौरस मीटर आखा आणि खाली पडलेले दाणे मोजा. ४० दाणे म्हणजे एकरी १९ किलोच्या आसपास, हे तडकून गेलेलं. मशीन गेल्यावर परत मोजा, पण या वेळी खुंटावरच्या शेंगा वेगळ्या मोजा. पहिला आकडा मोठा आला तर पुढच्या वर्षी न तडकणारं वाण बघा किंवा काढणी आधी धरा. खुंटावरच्या शेंगा जास्त असतील तर शेंग वर लागणारं वाण घेऊन किंवा शेत सपाट करून फरक पडेल, नुसतं न तडकणारं वाण आणून काहीच होणार नाही. आणि दोन्ही कमी असून मशीनच्या मागं सुटे दाणे पडलेले असतील तर वाणाला दोष देऊ नका, रीलचा, म्हणजे पीक कटरकडं ओढणाऱ्या चक्राचा, वेग आणि चाळणीची हवा ऑपरेटरकडून नीट करून घ्या.

बियाण्याच्या पिशवीवर पहिल्या शेंगेची उंची लिहिलेली नसते. दुकानदारालाही बहुतेक वेळा माहीत नसते. म्हणून जे वाण घ्यायचं मनात आहे ते ज्याच्या शेतात आहे त्याच्याकडं ऑक्टोबरमध्ये हार्वेस्टर फिरून गेल्यावर जा आणि खुंट बघा, रोटाव्हेटर फिरायच्या आत.