जुन्या फाइलीतला 'क'

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या मित्राचं मशीन शॉप आहे. ऑफिसात पाच संगणक, सगळे विंडोज १० वर. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्या प्रणालीचे नियमित सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती या यंत्रांत नाही. चांगली चालणारी यंत्रं भंगारात घालायला जीव होईना, म्हणून विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचा विषय निघाला. मित्राचा पहिलाच प्रश्न होता, "जुनी कोटेशनं उघडतील न्हवं?"

लिनक्स चालवून बघायला हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. लिनक्स मिंट हा लिनक्सचाच एक प्रकार पेनड्राइव्हवर घेतला आणि संगणक त्यावरूनच सुरू केला. प्रिंटर लगेच चालला. मग एक मराठी पत्र उघडलं, तर पडद्यावर अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं.

दोष लिनक्सचा नव्हता. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. जुन्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवरच देवनागरी आकार चढवले होते. कृतीदेव या तशाच एका फॉन्टमध्ये आपल्याला 'क' दिसतो, तेव्हा फाइलीत असतो इंग्रजी छोटा 'डी', म्हणजे आकडा १००. तो फॉन्ट संगणकावर नसला की नुसता 'डी' उरतो. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी एकच सामाईक यादी. तिच्यात 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तो जगातल्या कुठल्याही संगणकावर 'क'च राहतो. (लिनक्स आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ सालची. मला हा योगायोग फार आवडतो.)

पण जुनी फाइल युनिकोडमध्ये न्यायची तर नुसते आकडे बदलून भागत नाही. जुने फॉन्ट टाइपरायटरच्या चालीनं जातात, डोळ्याला आधी दिसेल ते आधी. 'बिल'मधली वेलांटी तिथं 'ब'च्या अगोदर येते. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं चालतं, आधी 'ब', मग वेलांटी. 'स्थिती'तल्या पहिल्या वेलांटीला तर 'स्' आणि 'थ' दोन्ही ओलांडून पलीकडं जावं लागतं. रफाराचा प्रवास उलटा. 'खर्च'मध्ये तो जुन्या फाइलीत 'च'नंतर असतो, युनिकोडमध्ये 'च'च्या आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला ही सगळी उचलाउचल करावी लागते, आणि अवघड जोडाक्षरांपाशी तो हमखास चुकतो.

म्हणून घाई केली नाही. फ्रान्सच्या जांदार्मेरी पोलीस दलानं २००५ मध्ये आधी विंडोजवरच ओपनऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर आणलं आणि २००८ पासून उबुंटू या लिनक्सकडं वळायला सुरुवात केली. आम्हीही विंडोज असतानाच तसंच मोफत लिब्रेऑफिस बसवलं, मराठी टायपिंग युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर नेलं. हिशेबाचं टॅली विंडोजवरचं, तेवढ्यासाठी एक यंत्र तसंच ठेवलं, पण त्याचं इंटरनेट काढून.

आता ऑफिसातल्या ताई रूपांतर झालेली पत्रं जुन्या छापील प्रतींशी ताडून बघतात. रफार हुकला असेल तिथं लाल पेनानं गोल करतात.