गाडी खाली बसवायची, कंबर मोडायची नाही

टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत चार बोटं सहज जातात, आणि स्पोर्ट्स कारच्या शौकिनाला नेमकी तीच फट खुपते. माझदा एमएक्स-५ घ्या. १९८९ साली आलेली ही जपानी दोन आसनी गाडी. वजन साधारण साडेनऊशे किलो, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन दांड्यांनी धरलेलं. ती घेतल्या घेतल्या तीन-चार सेंटीमीटर खाली बसवणारे मालक जगभर सापडतात. पुढचं रडगाणंही बहुतेकांचं एकच: रस्त्यातला प्रत्येक सांधा थेट माकडहाडापर्यंत पोचतो.

दोष मग स्प्रिंगच्या माथी जातो, 'फार कडक लागली' म्हणून. खरं दुखणं निराळं असतं. चाकाला वर उचलायला जागाच उरलेली नसते.

जरा हिशेब मांडू. समजा मूळ गाडीत चाक ७५ मिलीमीटर वर जाऊ शकतं. गाडी ३० मिलीमीटर खाली आणली, की उरले ४५. उंचवटा तोच, त्याचा दणकाही तोच. स्प्रिंग जितकी दबते, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा साठवते. म्हणून तेवढाच दणका ४५ मिलीमीटरमध्ये जिरवायचा, तर स्प्रिंग जवळजवळ २.८ पट कडक हवी. तशी ती बसवलीच, तर सेकंदाला १.२ वेळा संथ डोलणारी गाडी सेकंदाला दोनदा हिसके देऊ लागेल. साध्या घरगुती गाड्या सेकंदाला एक ते दीड वेळा डोलतात, ते उगाच नाही. बसलेल्या माणसाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर सर्वांत जास्त जाचते, आणि स्प्रिंग जितकी कडक, तितकी ती थरथर जास्त आत झिरपते.

इतकी कडक स्प्रिंग अर्थातच कोणी बसवत नाही. पाव-अर्ध्या पटीने कडक बसवतात आणि उरलेला दणका बंप स्टॉपच्या वाट्याला येतो. शॉकअपच्या रॉडवर बसवलेला हा फेसाळ पॉलियुरेथेनचा छोटा ठोकळा. सुरुवातीला मऊ, पण दाबत गेलात की एकाएकी दगड होतो. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये मुळातच जागा तुटपुंजी होती. गाडी खाली बसवली की ती उभ्या जागीच बंप स्टॉपला टेकल्यासारखी असते. भर वळणात मागचं बाहेरचं चाक त्याला लागलं, तर मागची बाजू अचानक निसटते. म्हणजे हा निव्वळ कमरेचा प्रश्न नाही.

यावर शौकिनांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या पिढीत शॉकअपच्या वरच्या माउंटची, म्हणजे त्याचं वरचं टोक गाडीला जोडणाऱ्या भागाची, रचना बदलली होती. बंप स्टॉप त्यात आत शिरतो, त्यामुळे रॉडला जास्त वाव मिळतो. हे नवे माउंट जुन्या गाडीत बसवायचे. उंची तीच राहते, स्प्रिंगही तीच, पण चाकाला हालचाल करायला जागा मिळते. चांगल्या कॉइलओव्हरमध्ये (शॉकअपभोवतीच स्प्रिंग असलेली, उंची बदलता येणारी जोडी) हीच युक्ती वेगळ्या रूपात असते: शॉकअपची बॉडीच आखूड, आणि खालचा बुंधा आट्यांवर फिरवून उंची ठरवायची. स्प्रिंगची बैठक खाली सरकवून उंची कमी केली, तर तेवढी जागा पुन्हा जाते.

गॅरेजमधला स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगचं एक वेटोळं कापणं. सहा कामाच्या वेटोळ्यांची पाच झाली की स्प्रिंग २० टक्के कडक होते. पण जागा इतकी घटलेली असताना त्या २० टक्क्यांनी काय होणार? शिवाय चाक लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग बैठकीत सैल पडते. हे करू नये.

स्प्रिंग बदलली तर शॉकअपही तिच्या जोडीचा हवा. स्प्रिंग ४० टक्के कडक झाली, तर शॉकअपचा रोध साधारण १८ टक्के वाढवावा लागतो. जुनाच शॉकअप ठेवला, तर गाडी उंचवट्यानंतर डुलत राहते, आणि फार कडक बसवला, तर बारीक खडीसुद्धा मोजता येते.

पुढची आणि मागची स्प्रिंग एकमेकींशी जुळावी लागते, ही गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेलेले इंग्रज अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिलं, की गाडीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा थोडा संथ डोलायला हवा. एमएक्स-५ च्या दोन्ही आसांमधलं अंतर सव्वादोन मीटर. ताशी ८० किलोमीटरला मागचं चाक त्याच उंचवट्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतं. मागची बाजू थोडी चपळ असली, की ती पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही टोकं एकत्र वर-खाली होतात. उलट झालं, तर गाडी मान डोलावत बसते आणि पोटात ढवळतं.

या साऱ्या खटाटोपातून मिळतं किती? गुरुत्वमध्य ४५ सेंटीमीटरवर धरला, तर तो तीनने खाली आल्यावर वळणात बाहेरच्या चाकांकडे सरकणारा भार जेमतेम ७ टक्के घटतो. बाकी सगळी शोभा. (शोभेला माझा विरोध नाही.)

जागा किती उरली, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. शॉकअपच्या चकचकीत रॉडवर एक प्लॅस्टिकचा केबल टाय हलक्या हाताने आवळायचा आणि रोजच्या रस्त्यावरून चक्कर मारून यायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असतो. गल्लीतला कुठलाच नमुना पाळत नाही, त्यामुळे चाचणी चोख होते. परत आल्यावर चाकाआड वाकून बघा. टाय बंप स्टॉपच्या बराच अलीकडे थांबला असेल, तर गाडी आणखी थोडी खाली चालेल. बंप स्टॉपमध्ये चेपून बसला असेल, तर पाना काढा आणि गाडी एक सेंटीमीटर वर घ्या.